कासवाचा घास



तण म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. परंतु आपण जे उपटून फेकतो, तेच एखाद्या मुक्या जीवाचे अन्न असते. रावपुऱ्यातील एका कुटुंबाने मध्यंतरी मला विचारले, "फादर, मुलांच्या कासवाला कोणता पाला घालावा?" पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले ते कासव दूधभातावर सुस्तावले होते.

हे तारा कासव. गुजरातच्या कोरड्या, झुडुपी रानांत ते गवत, पाला, फुले आणि गळालेली फळे खाऊन राहते. त्याच्या कवचाला कॅल्शियम हवे आणि आतड्यांना चोथा. दूधभात हे त्याचे अन्नच नव्हे. हरळी, पाथरी, एकदांडी, जास्वंदीची पाने व फुले त्याला मानवतात. घोळ व तांदुळजा मात्र बेताने द्यावेत; कारण त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

पाला नीट ओळखावा. केवळ चिकावरून निर्णय करू नये. चीक पाथरीलाही असतो आणि विषारी रुईलाही. पाथरीची पाने जमिनीलगत पसरतात, फूल पिवळे असते. रुईचे झुडूप उभे वाढते व तिची पाने जाड, पांढुरक्या लवेची असतात. एकदांडीचे प्रत्येक फूल एकाच लांब दांड्यावर डुलते. धोतरा, कण्हेर, एरंड, घाणेरी आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत यांना तर हातही लावू नये. औषध फवारलेला पालाही वर्ज्य समजावा.

इतके सांगून मी थांबलो असतो, तर माझे उत्तर अपुरे राहिले असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तारा कासव घरी पाळणे हा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. मुलगा हिरमुसून म्हणाला, "आम्ही तर त्याचे लाडच करतो!" बाळा, लाड खरे; पण त्याचे रान आपण त्याला कोठून देणार?

म्हणून असा जीव घरी असेल, तर तो वनखात्याच्या स्वाधीन करावा. दयेपोटी विश्वामित्रीत मात्र सोडू नये. हे जमिनीवरचे कासव आहे, ते पाण्यात बुडून मरेल. वनखात्याची माणसे येईपर्यंत त्याला सावली, उथळ थाळीत पाणी आणि ओळखीचा पाला द्यावा. प्रेमाला ज्ञानाची जोड हवी, आणि प्रसंगी हात सोडण्याचे धैर्यही हवे.