म्हैसूरच्या गच्चीवर स्ट्रॉबेरी

दसऱ्यात म्हैसूरला गेलात तर राजवाड्याची रोषणाई आणि हत्तींची मिरवणूक पाहालच. एक सकाळ मात्र कुप्पण्णा पार्कातल्या पुष्पप्रदर्शनासाठी ठेवा आणि मग लक्ष्मीपुरम, कृष्णमूर्तीपुरम अशा जुन्या वस्त्यांतून पायी फिरा. फाटकापासून गच्चीपर्यंत कुंड्या दिसतील. तुमचं घर याच शहरात असेल, तर त्यात स्ट्रॉबेरीची एक कुंडी सहज मावेल.

स्ट्रॉबेरी म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आठवतं. ते सुमारे १,३५० मीटर उंचावर, तर म्हैसूर जेमतेम ७७० मीटरवर. तरी जमतं, फक्त वेळ साधावी लागते. स्ट्रॉबेरीच्या नेहमीच्या जाती दिवस लहान असताना कळ्या धरतात. म्हैसूरला तर जूनमध्येही दिवस तेरा तासांचा होत नाही, त्यामुळे खरी अडचण उन्हाळ्याची. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा झाड खुश असतं. एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या आसपास फुलणं थांबतं. म्हणून दसऱ्याच्या सुमारास रोप लावा आणि शिमग्यापर्यंत फळं खा. फळं लगडलेली कुंडी फेब्रुवारीत विकत आणणं म्हणजे सिनेमाला मध्यंतरानंतर जाण्यासारखं!

आठ इंची कुंडीत एकच रोप पुरे. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. तळाचं भोक मोकळं हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा मातीच्या पातळीवर ठेवा. तो पुरला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. बहुतेक रोपं इथेच दगावतात आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे पूर्वेची बाल्कनी उत्तम. पाणी सकाळी, बुंध्याशी द्या, पानांवर नको. नळाला येणारं कावेरीचं पाणी चालतं. बोअरच्या क्षारांच्या पाण्यानं पानं पिवळी पडू शकतात. मातीवर गवताचा किंवा काथ्याचा थर द्या, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. गच्चीवर मधमाश्या फिरकत नसतील तर मुलांच्या हाती मऊ ब्रश द्या आणि फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायला सांगा. त्यांना हेही सांगा, की स्ट्रॉबेरीवरचे ते बारीक दाणे हीच खरी फळं, प्रत्येकात एक बी!

फळ पूर्ण लाल होऊ द्या. तोडल्यावर ते आणखी गोड होत नाही. बुलबुलांनाही हे पक्कं ठाऊक असतं, तेव्हा जाळी लावाच.

फळं लागत असताना झाडाला फुटणाऱ्या लांब दोऱ्या कापून टाका, ताकद फळांकडे जाऊ द्या. मार्चनंतर कुंडी सावलीत हलवा आणि पावसाळ्यात फुटलेली दोरी शेजारच्या छोट्या कुंडीत टेकवा. तिच्या टोकाच्या रोपानं मुळं धरली, की दोरी कापायची. दसऱ्याला लावायचं रोप तयार.