गोंदियाचे आरमार

गोंदियाला समुद्र नाही. हे वाक्य वाचून कोणाला धक्का बसेल असे मला वाटत नाही. पण आमच्या गावाला मात्र अजून त्याची पुरती खात्री पटलेली नाही. समुद्राचा आणि आमचा अधिकृत संबंध एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर. गावाच्या नावाखाली तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आणि ती तीनशे मीटरच्या आसपास आहे. समुद्र आपल्यापेक्षा तीनशे मीटर खालच्या पायरीवर बसलेला आहे, हे कळल्यापासून गोंदियाचा माणूस त्याच्याकडे थोडे वरूनच बघतो.

पाण्याला आम्ही काही परके नाही. जिल्हा तळ्यांचाच आहे. नवेगावबांध आहे, बोदलकसा आहे, चोरखमारा आहे, इटियाडोहचे धरण आहे, आणि गावोगावचे जुने मालगुजारी तलाव आहेत ते वेगळेच. या पाण्यावर आमचे आरमारही आहे. ढिवराचा एक लाकडी डोंगा, त्यात दोन माणसे, एक जाळे आणि मासळीची टोपली. याहून मोठे जहाज जिल्ह्याच्या हद्दीत कोणी पाहिलेले नाही. आणि म्हणूनच की काय, जगातल्या बड्या बड्या लढाऊ जहाजांना जलसमाधी देण्याचे काम आमच्याकडे जितक्या आवडीने चालते तितके खुद्द मुंबईतही चालत नसेल. मुंबईकराला समुद्र दिसतो. त्यामुळे त्याचा उत्साह कमी होतो.

हे काम संध्याकाळी सहानंतर आमच्या काकाजींच्या चहाच्या टपरीवर चालते. समिती तिघांची आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब हे अध्यक्ष. शाळेत इतिहास शिकवून थकलेले आणि तरी न थांबलेले गुरुजी. आणि राइस मिलवरचे मुनीमजी. मी चौथा, पण मी फक्त चहाचे पैसे देतो, त्यामुळे मला मत नाही.

गार्डसाहेबांचे आवडते जहाज बिस्मार्क. ते बुडवल्याशिवाय त्यांना रात्री झोप लागत नाही. १९४१ सालच्या मे महिन्यात हे जर्मन जहाज पहिल्याच मोहिमेवर निघाले. २४ मे रोजी त्याने इंग्रजांचे 'हूड' नावाचे नाक उडवले. हूडवर चौदाशे अठरा माणसे होती आणि जहाज तीन-चार मिनिटांत गेले. इंग्रजांचे माथे फिरले. हाताला लागेल ते जहाज घेऊन ते बिस्मार्कच्या मागे लागले. आणि या पोलादी राक्षसाला अडवले कोणी? कापडी पंखांच्या, दुमजली, जुनाट विमानांनी! त्या विमानाला इंग्रज वैमानिक लाडाने 'स्ट्रिंगबॅग' म्हणत, म्हणजे बाजारहाटाची जाळीची पिशवी. अशा एका पिशवीने २६ मेच्या संध्याकाळी सोडलेला पाणतीर नेमका सुकाणूपाशी लागला. सुकाणू वाकडे अडकले. मग ते अजस्र जहाज सरळ जाईना. एकाच बाजूला गोल फिरू लागले.

"म्हणजे कसे?" गार्डसाहेब दर वेळी विचारतात, आणि दर वेळी उत्तरही स्वतःच देतात. "धानाच्या खळ्यात मळणीचा बैल फिरतो ना, तसे!"

एवढे झाले की गोंदियाला बिस्मार्क समजते. दुसऱ्या दिवशी सकाळी, २७ मेला, इंग्रजांनी त्याला गाठले आणि संपवले. तोवर चहा आलेला असतो.

मुनीमजींना गोल फिरणाऱ्या जहाजात रस नाही. त्यांना हिशेब हवा. त्यांचे जहाज जपानचे यामाटो. जगात त्याहून मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्या जहाजावर चढल्या नाहीत. तोंडाचा व्यास ४६ सेंटीमीटर, पल्ला सुमारे ४२ किलोमीटर. म्हणजे गोंदियाच्या बाजारात उभे राहून उडवली तर गोळा तिरोडा ओलांडून पलीकडे. असे जहाज ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या वाटेवर अमेरिकन विमानांनी काही तासांत बुडवले, आणि त्या तोफांच्या पल्ल्यात शत्रूचे एकही जहाज आलेले नव्हते.

"भांडवल केवढं!" मुनीमजी हळहळतात. "आणि उलाढाल शून्य."

गुरुजींना ही परदेशी जहाजे मुळीच मान्य नाहीत. बुडवायचे तर आपले बुडवा, असा त्यांचा बाणा. ते बोट चहात बुडवून बाकावर विजयदुर्गाचा नकाशा काढतात. फेब्रुवारी १७५६. कान्होजी आंग्रे यांचा मुलगा तुळाजी. त्याचे आरमार किल्ल्याखाली उभे. समुद्रातून इंग्रजांचा वॉटसन आला, बरोबर क्लाइव्ह. आणि जमिनीवरून कोण आले? तर पेशव्यांची फौज! नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचे जमत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केलेली. इंग्रजांचा एक तोफगोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. गंमत अशी, की हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच हिसकावलेले. ते पेटले, त्याची आग शेजारच्या जहाजाला, त्याची पुढच्याला. बघता बघता सगळे आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला तो कायमचा.

"एका धुऱ्यासाठी दोन भाऊ भांडले," गुरुजी म्हणतात, "आणि एकाने वकील म्हणून कोणाला आणले? तर वावरावर डोळा असलेल्यालाच!"

धुऱ्याचे नाव काढले की टपरीवर शांतता होते. बसलेल्यांपैकी निम्म्यांचे दावे चालू असतात.

ही शांतता मोडायला मुनीमजींकडे गाझी आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ही पाणबुडी आपल्या विक्रांतला शोधत विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली. विक्रांत होती तिकडे अंदमानला. पण ती विशाखापट्टणमलाच आहे असे भासवायचे होते. 'राजपूत' नावाच्या जुन्या जहाजाला विक्रांतची सोंगे दिली, तिच्या नावाने बिनतारी संदेश सोडले. आणि आणखी काय केले? बंदरातल्या ठेकेदारांकडे भाजीपाला, मांस, किराणा यांच्या भरमसाट ऑर्डरी दिल्या! एवढे खाणारे जहाज एकच, असे हेरांनी समजावे म्हणून.

ही गोष्ट सांगताना मुनीमजींचा आवाज चढतो, आणि तो चढावा हे बरोबरच आहे. आमच्या गल्लीत कोणी पाच किलो बेसन आणले तर संध्याकाळपर्यंत मुलीचे लग्न ठरल्याची बातमी फुटते. नौदलाने गोंदियाचीच विद्या वापरली, असे त्यांचे म्हणणे आहे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी तिथेच बुडाली. राजपूतच्या स्फोटकांनी बुडाली असे आपण म्हणतो; तिच्या स्वतःच्याच सुरुंगाने, असे ते म्हणतात.

"आपल्या भाजीने," असे मुनीमजी म्हणतात.

गार्डसाहेब त्यात भूगोल घालतात. वैनगंगा आमच्या जिल्ह्यातून जाते, पुढे तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तेव्हा गाझी ज्या पाण्यात पडली आहे त्यात गोंदियाचा वाटा आहेच.

इतकी वर्षे आमचे हे आरमारी कामकाज निर्वेध चालले होते. मग काकाजींचा मुलगा नौदलात लागला. मालगुजारी तलावात म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकलेला पोरगा. नेमणूक विशाखापट्टणमला, काम इंजिनखोलीत. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. समितीला वाटले, चला, आता घरचा माणूस झाला, आतल्या बातम्या मिळतील. गार्डसाहेबांनी तर प्रश्नांची यादीही केली. पोरगा सुटीवर आला तेव्हा त्याने एवढेच सांगितले, की खाली फार गरम होते आणि वरणात मीठ बरोबर असते.

त्यानंतरच्या डिसेंबरातली गोष्ट. नऊ तारीख होती. त्या दिवशी खुकरी बुडवायची हा टपरीचा प्रघात. गार्डसाहेबांनी सुरुवात केली: "९ डिसेंबर १९७१. दीवच्या समुद्रात. आयएनएस खुकरी, ब्लॅकवुड वर्गाची फ्रिगेट. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने पाणतीर सोडला. काही मिनिटांत खेळ खलास. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेले पहिले लढाऊ जहाज, बरं का!"

"मानसं किती निंगली जी?"

आवाज स्टोव्हच्या मागून आला होता. काकाजी समितीच्या कामात कधी बोलत नसत. गार्डसाहेबांना वजन माहीत होते, वेग माहीत होता, वर्ग माहीत होता. ते गुरुजींकडे बघू लागले. गुरुजींनी सांगितले: अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. सदुसष्ट वाचले.

काकाजींनी गाळणी कपावर धरली होती ती तशीच राहिली. "खाली इंजनात असतेत, त्यायले वर याले टाइम भेटला असंन का?"

इतक्या वर्षांत त्या बाकावर कोणी उत्तर दिले नाही असा तो पहिलाच प्रश्न. शेवटी गुरुजींनी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांची गोष्ट सांगितली, शाळेत सांगतात तशी नाही, हळू आवाजात. जहाज कलले तेव्हा मुल्लांनी जमतील तेवढ्या माणसांना पाण्यात उतरवले. स्वतःचे लाइफ जॅकेट एका खलाशाला दिले. स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवला त्यांचे स्मारक आहे, तिथे काचेत खुकरीची छोटी प्रतिकृती ठेवली आहे.

"देलं न पन," काकाजी म्हणाले. "जाकीट देलं न." आणि ते धुतलेले कप पुन्हा धुवायला बसले. त्या दिवशी चहाचे पैसे तिघांनीही काढले. असे त्याआधी झाले नव्हते.

आता विक्रांतचे राहिले. तिला शत्रू बुडवू शकला नाही. २०१४ साली मुंबईत तिला भंगारात तोडले, आणि २०१६ साली एका कंपनीने तिचे पोलाद वितळवून मोटारसायकलच्या टाक्यांत घातले. गार्डसाहेबांनी लगेच तसली एक गाडी घेतली. गोंदिया जिल्ह्यात दाखल झालेले ते पहिले लढाऊ जहाज. गाडी स्टँडवर लावताना ते 'नांगर टाकला' म्हणत.

गेल्या एका श्रावणात नाल्याला पूर आला. रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. लोक दोन्ही काठांना थांबले होते. "विक्रांत पाण्याला भीत नसते," असे म्हणून गार्डसाहेबांनी गाडी घातली. मध्यावर इंजिन बंद पडले, गाडी आडवी झाली, आणि आमचे अध्यक्ष रपट्याच्या दगडी खुंटाला मिठी मारून उभे राहिले. टोपी केव्हाच वैनगंगेकडे निघाली होती. काठावर मुनीमजी ओरडत होते, "गाडी! गाडी धरा!" तेवढ्यात टपरीवरचे दूध तसेच उतू जाऊ देऊन काकाजी धावत आले, कमरेला दोर बांधला, दुसरे टोक आमच्या हातात दिले आणि पाण्यात उतरले. गार्डसाहेबांना खांद्याला धरून ते काठावर आले तेव्हा दोघेही चिखलाने एका रंगाचे झाले होते.

"पन गाडी?" मुनीमजींनी विचारले.

"जाऊ द्या जी गाडी," काकाजी धापा टाकत म्हणाले. "मानूस निंगला."

गाडी तिसऱ्या दिवशी ढिवरांनी जाळे टाकून काढली. टाकीत एक मासळी सापडली असे मुनीमजी सांगतात, पण त्यांनी ती खात्यावर घेतलेली नाही.

समितीचे काम पुन्हा सुरू आहे. संध्याकाळी सहाला जहाजे बुडतातच. त्याशिवाय गावाला करमणूक काय? पण क्रम थोडा बदलला आहे. परवा गार्डसाहेबांनी हूड काढले, चहाचा कप उचलला, ठेवला, आणि तोफांच्या मापावर जाण्याआधी स्टोव्हच्या दिशेने मोठ्याने सांगितले:

"काकाजी, चौदाशे अठरांतले तीन निघाले."

"तीन तं तीन," काकाजी म्हणाले. "आता सांगा तुमची तोप."