यवत : हाडांच्या नोंदी

१.
तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. घराघरांत परातीचा थापथाप आवाज. एका घरी आजी मात्र बाजूला बसून पीठ चाळत होत्या. बोटं मुळाशी सुजलेली, करंगळीकडे कललेली. "दहा वाजेस्तोवर मूठच वळत नाही बाबा." कधीपासून? "धाकटीच्या लग्नाआधीपासनं." धाकटीचा मुलगा आता पाचवीत.

२.
आमवातात सूज नुसती दुखत नाही, हाड खाते. सांध्यात जमलेल्या पेशी टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-१७ असे रासायनिक निरोप सोडत राहतात. मजकूर एकच : हाड खाणाऱ्या पेशी वाढवा.

३.
निरोगी शरीरातही हाड खाल्लं जातं आणि भरलं जातं. खायला दोन-तीन आठवडे, भरून यायला तीन-चार महिने.

४.
यवतहून सोलापूर रस्त्याने पुढे भिगवण. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांध्यांचं-स्नायूंचं दुखणं. आमवात साधारण दोनशेत एकाला. मोठं काम. शहरातल्या ओपीडीत बसून हे आकडे कळले नसते.

५.
"वयच झालं" म्हणतात. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाड खाण्याच्या निरोपांना आवर घालणाऱ्यांत तेही असतं.

६.
कॅल्शियमच्या गोळीने सूज उतरत नाही.

७.
सगळेच निरोप हाडाच्या मुळावर उठलेले नसतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) मोहन वाणी यांच्या गटाने २००३ साली आयएल-३ बद्दल दाखवलं : हाड खाणाऱ्या होऊ घातलेल्या पेशींना ते मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या वाटेला लावतं, आणि त्या मागे फिरत नाहीत. २००९ साली त्यांनी उंदरांमधला सांध्यांचा दाहही आयएल-३ने रोखून दाखवला. माणसासाठीचं औषध ही फार पुढची गोष्ट. तरी वाचून बरं वाटलं.

८.
दातांना लावायची तंबाखूची मिश्री. हिरडी सुजते, तेच निरोप जबड्याच्या हाडाला जातात. न किडलेला दातही हलतो.

९.
सांधेदुखीवरची बिननावाची पुडी. दोन दिवसांत सूज उतरली तर आत स्टेरॉइड असू शकतं. महिनोन्‌महिने घेतलं तर तेही हाड पोखरतं.