शून्य दाखवणारा मीटर

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोटारसायकलचा मीटर चालता चालता मधूनच शून्यावर जाऊ लागला. दिवाळीनंतर तर तो शून्यावरच बसला. राहुरीकडून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, येणाऱ्या रस्त्यावर तेव्हा उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतात. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. पुढच्या ट्रॉलीला मागचा दिवा नसेल तर हा हिशेब जिवाचा असतो. त्यात किलोमीटरही मोजले जात नव्हते, म्हणजे ऑईल कधी बदलायचे तेही अंदाजानेच. ‘अंदाज’ हा शब्द मी उर्दू आणि मराठी दोन्ही वर्गांत तसाच वापरतो, पण गाडी चालवायला तो पुरत नाही.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले, “सर, मीटरच बदलून टाका.” किंमत ऐकून मी गाडी घरी आणली आणि ओळखीच्या मिस्त्रीला म्हटले, “भाऊ, आधी बिघाड कुठे आहे ते शोधू.”

अब्बांच्या स्कूटरला केबल होती. पुढचे चाक केबल फिरवायचे, केबल मीटरमधले चुंबक फिरवायची आणि त्या ओढीने काटा सरकायचा. केबल तुटली की दुखणे समजायचे. आताच्या गाडीत चाकाजवळ एक छोटा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारे चुंबक समोरून गेले की तो विजेचा एक ठोका पाठवतो. मीटर ते ठोके मोजून वेग आणि अंतर दोन्ही काढतो. ठोके आलेच नाहीत, तर तो 0 लिहितो.

मीटरवरचा पेट्रोलचा काटा आणि इंडिकेटर नीट चालत होते. म्हणजे मीटरला वीज मिळत होती. मग सेन्सरचा कपलर उघडला. आत चिखल होता. तो साफ करून वाळवला, तरी शून्यच. कपलरला तीन वायरी होत्या: एक विजेची, एक अर्थची, एक ठोक्यांची. चावी फिरवून मल्टीमीटर लावला. सेन्सरपर्यंत वीज येत होती. पुढचे चाक उचलून हाताने सावकाश फिरवले, तर तिसऱ्या वायरीवर व्होल्टेज चढत-उतरत होते. म्हणजे सेन्सरही ठीक होता.

राहिली मधली वायर. मिस्त्रीने तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला आणि मला हँडल वळवायला सांगितले. डावीकडे वळवले की बीप यायचा, सरळ केले की बंद. हँडलखाली, रोज वाकते त्याच जागी, वायर आतून तुटली होती. वरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत. त्याने तेवढा तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर करून स्लीव्ह चढवली आणि वायरीला थोडी ढील ठेवली. मीटर सुरू झाला.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. मीटर वेग शून्य असला तरी 0 दाखवतो आणि वेग माहीत नसला तरी 0 च दाखवतो. पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

आमच्याकडे सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून आठवीला मराठी वर्गात येणारी मुले असतात. त्यांतली एक मुलगी यंदा कितीतरी दिवस गप्प होती. चाचणीचा पेपर जवळजवळ कोरा. स्टाफरूममध्ये ‘कच्ची आहे’ असे ठरूनही गेले होते. मी तिला धडा उर्दूत विचारला. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितला, वर मला दोन प्रश्न विचारले. धडा तिला कळत होता, कागदावर उतरायला मराठी शब्द नव्हते.

आता ती उत्तर आधी उर्दूत सांगते, मग आम्ही दोघे मिळून ते मराठीत लिहितो. परवा तिने पाच ओळी स्वतःच लिहिल्या. जोडाक्षरे चुकली होती. ती दुरुस्त करायला वर्ष पडले आहे.