शर्मनच्या पोटातले तोफगोळे

१/ दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाड्याची प्रतिकृती करणारे बहुतेक जण बाहेरच्या अंगावर महिनोन्‌महिने खर्ची घालतात. गंज, चिखल, खरचटलेला रंग यांत त्यांचे कसब दिसते. झाकण उघडे ठेवून आतले दाखवायचे ठरले, की मात्र एक प्रश्न टाळता येत नाही: तोफगोळे कुठे ठेवायचे? प्रत्यक्ष युद्धात याच प्रश्नाच्या उत्तरावर आतल्या पाच माणसांचे प्राण अवलंबून होते.

२/ आधी मापे पाहू. शर्मनच्या ७५ मिलिमीटर तोफेचा गोळा पितळी काडतुसासह दोन फुटांहून थोडा लांब आणि सुमारे ९ किलो वजनाचा असे. १/३५ प्रमाणात त्याची लांबी जेमतेम १९ मिलिमीटर भरते. सुरुवातीच्या शर्मनमध्ये असे ९० ते ९७ गोळे असत. त्यांच्या जोडीला मशीनगनच्या हजारो गोळ्या, रेडिओ आणि पाच माणसे. आतला रंग पांढरा, कारण त्या अंधाऱ्या पोटात मिळेल तेवढा उजेड हवा असे.

३/ या गोळ्यांचा मोठा साठा स्पॉन्सनमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या वर दोन्ही अंगांना येणाऱ्या पोकळ जागेत असे. शिवाय १२ गोळे टरेटखालच्या फिरत्या पाटीभोवती उघडे उभे केलेले असत. लोडरच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती: हात लांबवला की गोळा हाती. पण शत्रूचा नेमही रणगाड्याच्या याच उंच, सपाट कुशीवर बसे.

४/ शर्मन चटकन पेटतो, ही अपकीर्ती सर्वदूर पसरली. दोष पेट्रोलला दिला गेला, आणि आजही दिला जातो. परंतु समोरचे जर्मन रणगाडेही पेट्रोलवरच चालत. आगीचे मुख्य कारण काडतुसांतील दारू होती. चिलखत भेदून आलेला तप्त पोलादी तुकडा पितळी काडतुसात शिरला, की दारू भडके आणि शेजारची काडतुसे पेट घेत. बाहेर पडायला मोजके क्षण मिळत. त्यात सुरुवातीच्या टरेटला वरून एकच झाकण होते. लोडरसाठी वेगळे झाकण पुढे आले.

५/ पहिला उपाय डागडुजीचा होता. आतल्या कप्प्यांभोवती पोलादी पत्रे बसवले, पाटीभोवतीचे उघडे गोळे काढले आणि बाहेरून सुमारे एक इंच जाडीच्या चिलखती पट्ट्या वितळजोड करून लावल्या: उजव्या कुशीवर दोन, डाव्या कुशीवर एक. प्रतिकृतीवर या तीन चौकोनी पट्ट्या नुसत्या सजावटीसारख्या दिसतात. वास्तविक प्रत्येक पट्टीच्या मागे गोळ्यांचा कप्पा आहे. बाहेरचे अंग आतला नकाशा सांगते, तो असा.

६/ खरा बदल १९४४ मध्ये आला. नव्या शर्मनमध्ये गोळे स्पॉन्सनमधून काढून टरेटखाली, तळाशी नेले. कप्प्यांभोवती पाण्याची आवरणे होती आणि पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकोल मिसळलेले असे. यालाच ‘ओली साठवण’ म्हणतात. नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर तिचेच. ७५ मिलिमीटर तोफेच्या अशा शर्मनमध्ये १०४ गोळे मावत, तर ७६ मिलिमीटरच्या लांब गोळ्यांमुळे ही संख्या ७१ वर येई.

७/ परिणाम काय झाला? अमेरिकी सैन्याच्या १९४५ मधील पाहणीनुसार, चिलखत भेदले गेल्यावर जुन्या, ‘कोरड्या’ साठवणीचे ६० ते ८० टक्के शर्मन पेटत. ओल्या साठवणीचे केवळ १० ते १५ टक्के. श्रेय पाण्याचे किती आणि जागाबदलाचे किती, यावर अभ्यासकांचा कल दुसऱ्या बाजूला आहे: गोळे खाली गेले, हेच अधिक मोलाचे ठरले. किंमत लोडरने मोजली. त्याला आता वाकून पायांखालून गोळे उचलावे लागत.

८/ नियम कागदावर राहिले, तरी माणसे भ्यायलेली असतात. गोळे संपण्याची भीती आगीच्या भीतीवर मात करी, आणि कित्येक दले ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक गोळे मिळेल त्या कोपऱ्यात ठेवत. प्रतिकृतीत कोपऱ्यात टेकवलेला एखादा सुटा गोळा म्हणूनच खोटा ठरत नाही. तो त्या माणसांच्या मनाची खूण आहे.

९/ हा हिशेब भारतीयांचाही आहे. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेईकटिला जिंकताना २५५व्या भारतीय टँक ब्रिगेडमधील प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स यांच्याकडे शर्मन होते, मुख्यतः ‘एम ४ ए ४’ प्रकारचे. या प्रकाराचे उत्पादन १९४३ मध्येच थांबले होते. ओली साठवण त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. डेक्कन हॉर्सचा शर्मन करणाऱ्याने त्यात तळाचे पाणीदार कप्पे बसवले, तर त्या जवानांना जे संरक्षण कधी मिळालेच नाही, ते तो त्यांना कागदोपत्री बहाल करतो.

१०/ म्हणून गोंद लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: रणगाड्याचा नेमका प्रकार, तो कारखान्यातून बाहेर पडल्याचा काळ आणि कुशीवरच्या पट्ट्या. कप्पे कुठे येतील, हे त्यावरून ठरते. टरेट बसवल्यावर यातले फारसे काही दिसणार नाही. आत बसणाऱ्या पाच जणांना मात्र आपल्या कोपरापासून गोळा किती अंतरावर आहे, हे प्रत्येक क्षणी ठाऊक असे.