पोस्टकार्डावरची ‘नॉच गर्ल’

पुणे

चि. ईशा हिस,


लंडनच्या जुन्या बाजारात तुला मिळालेल्या चित्रकार्डाचा फोटो पाहिला. खाली छापलेल्या ‘नॉच गर्ल, बॉम्बे’चा अर्थ तू विचारलास. तो एका ओळीत मावणारा नाही, म्हणून हे पत्र.

शब्द आपलाच, नाच. साहेबाच्या तोंडी त्याचा ‘नॉच’ झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ‘नॉच’चं आमंत्रण म्हणजे एखाद्या नबाबाच्या किंवा धनिकाच्या घरची मैफल, तिथे बोलावणं येणं मानाचं समजत. पुढे मिशनरी आणि आपले काही सुधारकही या मैफलींवर तुटून पडले. १८९३ साली मद्रासच्या सुधारकांनी तर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांना अर्ज केला, की असे नाच असतील तिथे आपण जाऊ नये. शब्दाला बदनामी चिकटत गेली.

चित्रकार्डांची लाट आली ती यानंतर लगेच. तुझ्या कार्डाची मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी दुभागलेली आहे. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ साली झाली, म्हणजे कार्ड त्यानंतरचं. तवायफ, नायकीण, कलावंतीण, देवदासी, छापणाऱ्यांनी सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं.

आता चित्र मोठं करून बघ. तबलजीनं तबला-डग्गा कमरेला बांधलाय, सारंगियाही उभ्यानंच वाजवतोय. नर्तकी नाचत पुढे सरकली की साथीदारांनीही मागोमाग सरकायचं. यामागे वर्षानुवर्षांची तालीम आहे.

त्याच १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान ही तवायफ ग्रामोफोनसाठी गायली. गाणं संपताना ती आपलं नाव इंग्रजीत सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावं म्हणून, असं सांगतात. तबकडीला नाव लागायचं. कार्ड बिननावाचंही खपायचं.

मराठीनंही वेगळं काही केलं नाही. ‘कलावंत’ म्हटलं की मान, ‘कलावंतीण’ म्हटलं की कुजबुज. आणि गोव्याच्या त्याच परंपरेतल्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला!

तेव्हा कार्ड अल्बममध्ये लावशील, तर छापील ओळीखाली तुझ्या हातानं एवढं लिही: ‘नर्तकी आणि तिचे साथीदार. मुंबई. नावं छापलेली नाहीत.’

तुझी,
मावशी