मद्रासच्या किनाऱ्यावरून विजयदुर्गाकडे

सेंट जॉर्ज किल्ल्यासमोर आज रहदारीचा राजमार्ग आणि त्यापलीकडे बंदराचा विस्तार आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कृत्रिम बंदर बांधले जाईपर्यंत या उघड्या किनाऱ्याला आडोसा असा नव्हताच, आणि म्हणून विलायतेची जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत व माणसे आणि माल ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून, फेसाळ लाटांचे तडाखे खात, वाळूवर येत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवीत, कारण लाट आदळली की शिवण लवते आणि फळी वाचते. जेथे गलबत किनाऱ्याला लागूही शकत नाही तेथे वखार घालून इंग्रजांनी १६४४ पासून किल्ला नांदता ठेवावा, हे त्यांच्या दर्यावरील भरवशाचेच प्रमाण होय.

तामिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा याच तटाच्या आत असल्यामुळे पहाऱ्यावर झडती देऊन पुढे जावे लागते. किल्ल्यातील संग्रहालयाची वास्तू १७९५ मध्ये व्यापाऱ्यांच्या देवघेवीसाठी उभी राहिली आणि पुढल्याच वर्षी तिच्या माथ्यावर खोबरेल तेलाचे दिवे लावून मद्रासचे पहिले दीपगृह सुरू झाले. आत कंपनीची नाणी, शस्त्रे, गणवेश, तैलचित्रे असा मोठा संभार आहे. त्यांतील पुष्कळसे मी भरभर पाहिले आणि एका लोखंडी तुकड्यापाशी थांबलो. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने शहरावर तोफा डागल्या, बर्मा ऑइल कंपनीचे तेलसाठे पेटविले आणि ती काळोखात निघून गेली. हा तिच्याच एका गोळ्याचा अवशेष. १७४६ मध्ये लाबुर्दोनेच्या फ्रेंच आरमाराने हा किल्ला घेतला होता, आणि १७५९ च्या फेब्रुवारीत फ्रेंच सेनापती लालीचा वेढा उठला तोही क्षितिजावर इंग्रजी शिडे दिसली तेव्हाच. या शहराचे भवितव्य वारंवार पाण्यावरूनच ठरत आले आहे.

मराठी माणसाला येथे दोन सालांचे स्मरण टाळता येत नाही. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराजांनी या किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावरील उतारे आणि औषधी खडे मागविले, ते त्यांनी मोल न घेता आदराने पाठविले. पुढे महाराजांनी तोच पत्रव्यवहार चालवून किल्ल्यांच्या कामासाठी कसबी माणसे मागितली, तेव्हा मात्र इंग्रजांनी गोड शब्दांत नकार दिला. कोकणात आरमार उभारणाऱ्या त्या राजाला टोपीकरांकडून नेमके काय घेण्याजोगे आहे याची पारख होती, आणि देऊ नये ते काय, याची इंग्रजांनाही होती.

दुसरे साल १७५६. मराठ्यांचा आरमारी सरदार तुळाजी आंग्रे याचे बंड मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉट्सनच्या तोफांखाली विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजी सरकारला जुमानीत नव्हता हे खरे. तरी घरचा तंटा मिटविण्यासाठी दर्यावरचा आपला एकमेव दरारा परक्याच्या हाताने नाहीसा करविणे ही माझ्या मते पेशवाईची सर्वांत महाग पडलेली चूक होय, आणि ती मला पुण्याच्या दप्तरापेक्षा या परमुलखातील तटावर अधिक स्पष्ट दिसली. कारण विजयदुर्गावर उतरलेले वॉट्सन आणि क्लाइव्ह दोघेही पुढे याच किनाऱ्यावर आले, आणि १६ ऑक्टोबरला विजयदुर्गावर वॉट्सनचे निशाण मिरविणारी तीच ‘केंट’ युद्धनौका येथून नांगर उचलून कलकत्त्याकडे, म्हणजेच प्लासीच्या वाटेला, निघाली. त्याच आठवड्यात, १२ ऑक्टोबरला, पुण्यात इंग्रजांशी नवा तह झाला होता: बाणकोट त्यांना सोडून द्यावे आणि विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळावा. किल्ला परत आला. त्याच्या खाडीतली गुराबे आणि गलबते आठ महिन्यांपूर्वीच जळून गेली होती.